सांस्कृतिक समितीस खुले पत्र: पाडव्याचा रंग ठरवण्याआधी

प्रति,
सांस्कृतिक समिती व महिला मंडळ,
आपली सोसायटी, डोंबिवली पूर्व

समितीतल्या सर्व ताई, वहिनी आणि जे दोन काका मीटिंगला खरोखर येतात ते,

सप्रेम नमस्कार.

पाडवा 19 मार्चला आहे. म्हणजे लवकरच तुमची मीटिंग होणार, स्वागतयात्रेसाठी साडी ठरणार, रात्री अकराला तिचा फोटो ग्रुपवर पडणार आणि सकाळी माझ्या गाळ्याचं शटर वर जायच्या आत बायका पिशव्या घेऊन बाहेर उभ्या राहणार. ते सगळं सुरू व्हायच्या आधी हे पत्र तुमच्या हातात पडावं अशी इच्छा आहे. ग्रुपवर लिहिलं तर खाली गुड मॉर्निंगचे फोटो येऊन ते वर जाईल, म्हणून नोटीस बोर्डावर लावतेय. सेक्रेटरींची परवानगी घेतली आहे.

मी तळमजल्यावर शिलाई करते. तुमच्या ड्रेसकोडने माझं काही बिघडत नाही, उलट बरंच भलं होतं. अस्तराच्या ब्लाउजला मी सहाशे घेते, शिवलेल्या नऊवारीला दीड हजार, फॉल-पिको वेगळा. समितीने रंग जाहीर केला की आमच्याकडे लग्नसराई असल्यासारखी गर्दी होते. तेव्हा मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेय हे ध्यानात घेऊन पुढचं वाचा.

मागणी एकच आहे. सोसायटीच्या कार्यक्रमाला यायचं तर अमुकच नेसा, ही सक्ती थांबवा.

आपल्याकडे वर्षभरात काय काय झालं ते आठवून बघा. पावसाळ्यात कर्जतची सहल, तिला पांढरा टॉप आणि निळी जीन्स. (कर्जतचा चिखल आणि पांढरा टॉप ही जोडी कोणी सुचवली हे मला माहीत आहे, पण सांगणार नाही.) मग मंगळागौर, तिला नऊवारी. गणपतीला पहिल्या दिवशी एक, विसर्जनाला दुसरं. नवरात्रात नऊ रंग, कोजागरीला पुन्हा पांढरं, दिवाळीच्या फराळाला ‘एथनिक’, संक्रांतीला काळी साडी, आणि आता पाडवा. शिवाय भिशीवाल्यांचं दर महिन्याचं वेगळंच. एकेकटं बघितलं तर काहीच जड वाटत नाही. पण हे सगळं एकाच कपाटातून आणि एकाच पगारातून निघतं. ते कोणाला जमतं आणि कोणाला जमत नाही हे मला दिसतं, कारण उधारीची वही माझ्याकडे असते.

नवरात्राच्या रंगांवर तर मी बोलणारच. ‘देवीचे रंग आहेत, मोडायचे नसतात’ असं मला आपल्याच एका वहिनींनी बजावलं होतं. अहो वहिनी, ही प्रथा आपल्या पोरांपेक्षा फार मोठी नाही. 2000 सालानंतर एका मराठी दैनिकाने ती उचलून धरली, बायकांचे फोटो छापायला लागलं आणि लोकलचे लेडीज डबे एका रंगात दिसायला लागले. त्याआधी माझ्या आईने नवरात्रात कुठला रंग आहे असं कोणाला विचारलेलं मला आठवत नाही. घट, माळ, अखंड दिवा, उपास, एवढं होतं. रंगांची यादीही दरवर्षी पंचांगातून खोदून काढलेली नसते. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार केशरी. वाराप्रमाणे सात ठरलेले, उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतलं काहीतरी. मला ती प्रथा आवडते, खोटं कशाला बोलू? सकाळी आठच्या गर्दीत, चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसलेल्या बाईला समोरचीने ‘तुझा करडा छान आहे गं’ म्हटलं की दोघींचा प्रवास बरा जातो. पण तिथे कोणी करडा घातला नाही म्हणून डब्यात चढू देत नाही असं होत नाही. वर्तमानपत्राने हौस म्हणून उचलून धरलं, डब्यातल्या बायकांनी हौस म्हणून घेतलं. आपल्या सोसायटीत मात्र त्याच हौसेचा नियम झाला, आणि पुढे नियमाची हजेरी झाली.

हजेरी कशी लागते ते सांगते. संक्रांतीचं हळदीकुंकू क्लबहाउसमध्ये होतं. ए विंगमधली एक मुलगी, ठाण्याला हॉस्पिटलात नर्स आहे, ड्यूटी संपवून स्टेशनवरून तशीच आली. अंगावर आकाशी पंजाबी ड्रेस. तिळगूळ घेतला, वाण घेतलं, सगळ्यांशी बोलली. मग ग्रुप फोटोची हाक झाली. ती खुर्च्यांच्या मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली, तर कोणीतरी अगदी प्रेमाने म्हणालं, ‘तू काळ्यात नाहीयेस ना, मग तूच काढ ना फोटो.’ आणि तिच्या हातात एकामागून एक मोबाईल आले. तिने हसत हसत सगळ्यांचे फोटो काढले. त्या संध्याकाळच्या एकाही फोटोत ती नाही. मी तेव्हापासून लक्ष ठेवून आहे, आपल्याकडे हे नेहमी होतं. जिच्या अंगावर ठरलेला रंग नसतो, तिच्या हातात मोबाईल दिला जातो. यात कोणाच्या मनात वाईट नसतं. म्हणूनच ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आता त्याच हळदीकुंकवाच्या पत्रिकेबद्दल. वर ‘सर्व सुवासिनींना आग्रहाचं निमंत्रण’ आणि खाली ‘ड्रेसकोड: काळी साडी, नथ, गजरा’. ती पत्रिका लिफ्टमध्ये पंधरा दिवस होती. त्याच लिफ्टने खालीवर करणाऱ्या, नवरा गेलेल्या बायका आपल्या तीनही विंगांत आहेत. त्यातल्या एका आजींचं काम माझ्याकडे असतं. त्यांची जुनी चंद्रकळा आहे, काळ्यावर बारीक चांदण्या, काठ अजून धड. दिवाळीनंतर त्या ती घेऊन आल्या, फॉल उसवला होता, तो बदलून घेतला आणि जाताना म्हणाल्या, ‘घरीच नेसेन गं एखादे दिवशी.’ मी काही बोलले नाही. काय बोलणार होते? नेसायला साडी होती, हौस होती, पुढे संक्रांतीला तिळगूळही त्यांनी स्वतः वळून खाली पाठवला. पण तुमच्या कागदावर त्यांना जागा नव्हती.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास, तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. त्यानंतर ठिकठिकाणी अशा बायकांना मुद्दाम बोलावून हळदीकुंकू झालेलं आपण बातम्यांत वाचलं. आपल्या ग्रुपवरही ती बातमी फिरली होती, खाली नमस्काराचे हात आणि फुलं पडली होती. एका ग्रामसभेला जे जमलं ते लिफ्ट, जिम आणि क्लबहाउस असलेल्या सोसायटीला जमू नये? ठरावसुद्धा नको, पत्रिकेवरचा एक शब्द खोडला तरी पुरे.

शिवलेल्या नऊवारीबद्दल मला जास्त कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाडव्याला तुम्ही ‘सर्वांनी एकसारखी नऊवारी’ असं जाहीर करता, तेव्हा माझ्या टेबलावर काय होतं ते बघा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. साडी आली की आधी मी कंबर, उंची, मांडीचा घेर, बैठक अशी मापं घेते. मग त्या अखंड वस्त्राला कात्री लागते. दोन पाय वेगळे बेतायचे, काष्टा वेगळा बेतून मागे शिवायचा, पुढच्या निऱ्या टाकून पक्क्या करायच्या, ओचा वेगळा, वर नाडी नाहीतर हूक, आणि पदराचा तुकडा शेवटी. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी अशी नावं बाजारात चालतात. खरा फरक काष्टा किती खाली येतो आणि निऱ्या किती दिसतात एवढाच. बाई चुडीदार चढवावा तशी ती चढवते आणि पाच मिनिटांत तयार. सोय आहे, मान्य. पण एकदा कापलेली साडी पुन्हा साडी होत नाही. जशीच्या तशी सून नेसू शकत नाही, बहिणीला देता येत नाही, वजन चार किलोने वाढलं तर स्वतःलाही होत नाही. मी शक्य तेवढी माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडते, पण मायेलाही मर्यादा असते. गेल्या पाडव्याची अबोली नऊवारी आता आपल्या सोसायटीतल्या बहुतेक कपाटांत वरच्या फळीवर पडून आहे. यंदा तुमच्या डोक्यात मोरपंखी आहे असं कानावर आलं.

माझी आई आयुष्यभर नऊवारी नेसली. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. त्यातच तिने शेण काढलं, भात लावला, एसटी पकडली, आमच्या शाळेत येऊन मास्तरांशी भांडली. कोळणी अजूनही गुडघ्यापर्यंत काष्टा घालून बाजारात पाट्या उचलतात. त्यांच्यासाठी तो कामाचा कपडा आहे. मी पूर्वीचंच सगळं चांगलं म्हणणाऱ्यातली नाही. आईला सहावारीची परवानगी असती तर तिनेही ती खुशीने घेतली असती. फक्त ‘संस्कृती जपायची म्हणून नऊवारी सक्तीची’ असं कोणी माईकवरून म्हणालं की माझा मशीनवरचा पाय थांबतो. घरात आईची, आजीची जुनी नऊवारी असेल ती नेसायला शिकवा ना. इरकल असेल, सुती असेल, आजेसासूची पैठणी असेल. नेसवायला मी येते, पैसे घेणार नाही. पण त्या सगळ्या वेगवेगळ्या रंगांच्या असतील आणि ड्रोनच्या शॉटमध्ये एकसारख्या दिसणार नाहीत. अडचण खरं तर तिथेच आहे, नाही का?

आणि पैठणीचा विषय निघालाच आहे तर, मागे ‘सर्वांनी पैठणी’ असं फर्मान निघालं होतं. येवल्याची हातमागावरची पैठणी पाच आकड्यांच्या खाली क्वचितच मिळते. त्यामुळे बहुतेकींनी यंत्रमागाची घेतली, जिच्या पदरावरचे मोर उलट्या बाजूला धाग्यांच्या लोंबकळ्यांनी भरलेले असतात. माझ्याकडे पिकोला आली की मला हात लावताच कळतं. मी कोणाला सांगत नाही. पण क्लबहाउसमध्ये तुमच्यातल्याच काही जणी एकमेकींचा पदर उलटून बघत होत्या, तेव्हा ज्यांचा पदर उलटला गेला त्यांचे चेहरे मी बघत होते. ‘बेस्ट ड्रेस्ड’चं बक्षीस ठेवायची कल्पना ज्यांची होती, त्यांनी यावर एकदा शांतपणे विचार करावा.

पुरुषांचं बरं असतं. त्यांच्यासाठी सूचना असते ‘शक्यतो कुर्ता’. भाड्याचा फेटा बांधणारा माणूस गेटवरच उभा करता, तो डोक्याला गुंडाळून देतो आणि झालं. कोणी टी-शर्टवर आला तरी त्याच्या हातात मोबाईल देऊन त्याला फोटोबाहेर काढल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही एकतर्फी बोलते. कर्जतच्या त्या सहलीच्या आधी सी विंगमधल्या एक काकू माझ्याकडे जीन्स घेऊन आल्या होत्या. साठी उलटलेली. जन्मात कधी जीन्स घातलेली नाही. मुलीने ऑनलाइन मागवून दिली होती, पायात वीतभर लांब होती. मी पडदा ओढला, त्यांनी घातली, आरशात बघितलं, वळून मागून बघितलं, आणि मला म्हणाल्या, ‘खालून काप, पण जास्त नको.’ घरी काय म्हणतील असं मी विचारलं. तर म्हणाल्या, ‘काय म्हणणार? समितीने सांगितलंय.’ त्या सहलीत त्या धबधब्याखाली गेल्या आणि आता दर रविवारी ती जीन्स घालून भाजी आणायला जातात. म्हणजे तुमचा ड्रेसकोड एखादीला आडोसाही देतो, हे मला कळतं. स्वतःहून घातली असती तर सुनेपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना उत्तरं द्यावी लागली असती. समितीचं नाव पुढे केलं की प्रश्न मिटतो. ते काढून घ्या असं मी म्हणत नाही. उलट आणखी द्या. ‘ज्यांना आवडेल त्यांनी जीन्स घाला, काही हरकत नाही’ असं लिहिलं असतं तरी काकूंना तेवढंच बळ मिळालं असतं. आणि ज्या त्या वेळी ‘पाय दुखतोय’ सांगून सहलीला आल्या नाहीत, त्यांचे पाय दुखले नसते.

आपण डोंबिवलीत राहतो, त्यामुळे बाहेरून उदाहरण आणायची गरज नाही. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर काय होतं? अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून अख्खं गाव गणेश मंदिराकडे निघतं. दर्शन झालं की रस्त्यावर उभं राहायचं, चालायचं, जुनी शाळा-कॉलेजची मंडळी भेटायची. परदेशात गेलेली पोरंही त्या दिवशी हटकून तिथे दिसतात. त्याला पत्रिका नसते, कोणी रंग ठरवत नाही. एकीची काठापदराची साडी, तिच्या शेजारी जीन्सवर कुर्ती, कोणी नवा कडक झब्बा, कोणी टी-शर्टवरची किंमतीची चिठ्ठी काढायची विसरलेला. सजून कोण येत नाही? सगळेच येतात. एकमेकांना वरपासून खालपर्यंत बघायलाच तर जातात! मीसुद्धा जाते, आणि अर्ध्या बाह्यांचे मुंढे बघून कोणाचा शिंपी चांगला ते ओळखते. नटायची हौस म्हणाल तर महाराष्ट्रात त्या रस्त्याची बरोबरी करणारे फार नसतील, आणि तिथे आजवर कोणाला रांगेबाहेर उभं केलेलं ऐकलं नाही.

पाडव्याची स्वागतयात्राही आपल्याच गावची. 1999 साली गणेश मंदिर संस्थानाने ती इथे सुरू केली, मग ठाणे, गिरगाव आणि बाकी ठिकाणी तिचं लोण पसरलं. नऊवारी, फेटा, नथ, गॉगल आणि बुलेट हे चित्र आता टीव्हीवर सगळीकडे दिसतं, पण यात्रेत चालणाऱ्यांत लेझीमची शाळकरी मुलं असतात, चित्ररथावरची मंडळी असतात, सायकलवाले असतात, आणि नुसतेच आपले चालणारे असतात. आपल्या सोसायटीचा जथा तिथे एकसारख्या मोरपंखी रंगात गेला नाही तर यात्रेचं काही अडणार नाही.

तर मीटिंगमध्ये एवढं करा. रंग सुचवा, खुशाल सुचवा, पण घरात असेल तर घाला, नसेल तर जे आहे त्यात या, असं स्वच्छ लिहा. पुरुषांना जी सवलत आहे ती बायकांनाही द्या. सूचना निदान महिनाभर आधी काढा. आठ दिवसांत मी तीस ब्लाउज शिवते तेव्हा माझी पाठ आणि तुमचे गळे दोन्ही बिघडतात. हळदीकुंकवाच्या पत्रिकेत ‘सर्व महिलांना’ लिहा आणि नवरा गेलेल्यांच्या दारात समितीतल्या दोघींनी स्वतः जाऊन बोलवा, कारण इतक्या वर्षांनी कागद वाचून त्या खाली उतरणार नाहीत. आपल्या घरांत काम करणाऱ्या मावशींनाही तेव्हाच सांगा. बेस्ट ड्रेस्डचं बक्षीस काढून टाका, ते पैसे चहाला वापरा, गेल्या वेळी चहा फार पाणचट होता. ग्रुप फोटो वॉचमनकाकांना काढायला सांगा, त्यांना चांगला जमतो, आणि मग एका फोटोत त्यांनाही घ्या.

ज्यांना तरीही एकसारखंच हवं आहे, त्यांच्यासाठी माझ्याकडे एक उपाय आहे. गेल्या पाडव्याच्या अबोली नऊवाऱ्या वरच्या फळीवरून काढा आणि खाली माझ्याकडे आणून द्या. ज्यांना आता घट्ट झाल्यात त्यांच्या मी आतली माया उसवून मोठ्या करीन, ज्यांना नकोशा झाल्यात त्या दुसऱ्या कोणाला मापात बसवून देईन. नव्या शिलाईच्या निम्म्या पैशांत होईल. ज्या आजवर पैशांमुळे आल्या नाहीत त्यांना फुकट.

चंद्रकळेवाल्या आजींना मी विचारलं आहे. बोलावलं तर पाडव्याला येतील म्हणाल्या. नऊवारी नेसणार नाहीत, सहावारीच नेसतील, तीही काळी. पाडव्याला काळी साडी कशी, असं कोणी विचारणार असेल तर त्यांनी आत्ताच मला येऊन विचारावं.

मीटिंगची तारीख बोर्डावर लावा, मी येणार आहे. आणि निर्णय काहीही होवो, नव्या नऊवारीच्या ऑर्डरी 5 मार्चनंतर घेणार नाही.

आपली,
बी विंगच्या गाळ्यातली शिलाईवाली